नॅरेटिव्ह थेरपी शिकताय? आधी प्रश्न घडवा

मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो यावर काम करणारी ही समुपदेशनाची पद्धत उभी केली. सुरुवातीला एवढा इतिहास पुरे. वेळ द्या तो प्रश्नांना. ‘तुम्ही इतके का चिडता?’ म्हटलं की समोरचा सफाई देऊ लागतो. त्याऐवजी ‘हा राग कधी येतो? आल्यावर तुमच्या घरात काय उलथापालथ करतो?’ असं विचारा. माणूस वेगळा, अडचण वेगळी. हे बोलणं आधी नाटकी वाटेल, वाटू द्या.

अडचणीला नाव त्यांनाच ठेवू द्या. कुणी ‘डोक्यातली कटकट’ म्हणालं, तर गप्पांत फाइलमधलं ‘डिप्रेशन’ आणू नका. मग अपवाद शोधा: कटकट असूनही परवा मुलीला शाळेत सोडलंत, ते कसं जमलं? इथे लगेच ‘वा, छान!’ नको, कौतुकाने विषय तिथेच मिटतो. कुणी पाहिलं, पूर्वी असं कधी केलं होतं, हे विचारत राहा.

मात्र नवरा हात उचलत असेल, तर ‘राग त्याच्याकडून हे करवून घेतो’ ही भाषा त्याला पळवाट देते. तिथे आधी बाईची सुरक्षितता, आणि मारण्याची जबाबदारी त्याचीच.

जमेल तेव्हा भेटीनंतर त्यांच्याच शब्दांत छोटं पत्र लिहून द्या. एप्स्टनही अशी पत्रं लिहीत.