हात न लावता उघडणारं स्मार्ट लॉक: पुण्यातल्या फ्लॅटसाठी कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: बाणेरला नवा फ्लॅट, दिवे-पंखे-स्पीकर आधीच एकमेकांना जोडलेले, घरात तुम्ही दोघं, आई-बाबा आणि सातवीतली मुलगी. दोन्ही हातांत सामान असताना, खिशातून फोनही न काढता दार उघडायला हवं. तर कोणतं लॉक घ्यावं?

मी पुण्यात इंटिरियरची कामं करतो. लॉक निवडणं, सुताराकडून बसवून घेणं आणि पावसाळ्यात त्याच्या तक्रारी ऐकणं, सगळं माझ्याकडेच येतं. तुमच्या घरासाठी मी चेहरा ओळखणारं, पूर्ण ऑटोमॅटिक, पुश-पुल प्रकारचं (हँडल फिरवायचं नाही, दार नुसतं ढकलायचं किंवा ओढायचं) लॉक सुचवेन. फोन जवळ आला की आपोआप उघडण्याची सोय त्यात असली तरी ती बंद ठेवा. बहुतेक जाहिराती नेमक्या याच सोयीवर भर देतात, म्हणून कारण जरा सविस्तर सांगतो.

आपोआप उघडणाऱ्या लॉकला दोन गोष्टी कळाव्या लागतात. समोर कोण आहे, आणि तो दाराच्या आत आहे की बाहेर. पहिली गोष्ट सगळेच तपासतात. दुसरी बऱ्याच लॉकना नीट कळत नाही, आणि घराची सुरक्षितता तिच्यावरच उभी आहे.

फोनवर चालणारी लॉक बहुतेक ब्लूटूथ आणि लोकेशन यांच्या जोडीवर चालतात. तुम्ही घरापासून ठरावीक अंतर लांब गेलात की अ‍ॅप 'बाहेर' अशी नोंद करतं, परत आलात की ब्लूटूथ शोधू लागतं आणि लॉकचा सिग्नल पुरेसा जोरात आला की दार उघडतं. हा परीघ फार छोटा ठेवता येत नाही. अँड्रॉइडसाठी गूगलचीच शिफारस किमान १०० ते १५० मीटर त्रिज्येची आहे. आता तुमची सोसायटी डोळ्यांसमोर आणा. गेटवरच्या वाण्याकडून दूध घेऊन आलात तर परीघ ओलांडलेलाच नसतो, म्हणून दार उघडत नाही. उलट बाहेरगावाहून येऊन आधी तळमजल्यावरच्या मित्राकडे गप्पा मारत बसलात तर फोनच्या लेखी तुम्ही घरी पोचलेले असता, कारण तो मजले ओळखत नाही. तेवढ्यात दार उघडत नाही ते फक्त ब्लूटूथ तिथवर पोचत नाही म्हणून. पण बरोबर खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसलात तर पोचूही शकतो.

त्यात ब्लूटूथ अंतर ओळखतं ते सिग्नलच्या जोरावरून. फोन पुढच्या खिशात आहे की सॅकमध्ये, मध्ये स्टीलचं सेफ्टी डोअर आहे का, यावर तो जोर बदलतो. घरात हॉलमधल्या शू-रॅकवर ठेवलेला फोन आणि दाराबाहेर उभ्या माणसाचा फोन यांत त्याला खात्रीने फरक करता येत नाही. शिवाय आपल्याकडचे बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली अ‍ॅप बंद करून टाकतात. ऑटोस्टार्ट आणि बॅटरीची सेटिंग्ज प्रत्येकाच्या फोनवर बदलावी लागतात, आणि फोन अपडेट झाला की पुन्हा तपासावी लागतात. आई-बाबांच्या फोनवर हे कायम राखणं अवघड आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून मोठा. २०२२ च्या मे महिन्यात एनसीसी ग्रुप या सुरक्षा-संशोधन कंपनीने दाखवून दिलं की ब्लूटूथवरून 'जवळ आहे' असं ठरवणाऱ्या गाड्या आणि दाराची लॉक फसवता येतात. एक उपकरण लॉकजवळ, दुसरं मालकाच्या फोनजवळ. मधल्या मध्ये सिग्नल पुढे पाठवत राहायचा. फोन लांब असतो, पण लॉकला तो दाराशीच आहे असं वाटतं. कोड फोडावा लागत नाही, पासवर्ड लागत नाही. पुण्यातला घरफोड्या अशी उपकरणं घेऊन फिरतो असं मी म्हणत नाही. तो आजही कडी-कोयंडाच उचकटतो. पण ज्या सोयीमुळे रोज अर्धा मिनिट वाचतो, तिच्यासाठी दाराची ही बाजू उघडी ठेवायची का, हे तुम्हीच ठरवा. मी ठेवणार नाही.

यावर खरा उपाय आहे तो अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी. यात सिग्नलचा जोर बघत नाहीत, तो जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे अंतर काही सेंटिमीटरपर्यंत नेमकं कळतं, आणि मध्ये कुणी सिग्नल पुढे पाठवत असेल तर वेळ वाढतो आणि लबाडी पकडली जाते. कोणत्या दिशेने येताय तेही कळू शकतं, म्हणजे आत-बाहेरचा प्रश्नही सुटतो. अडचण फोनची आहे. आयफोन ११ पासूनच्या बहुतेक आयफोनमध्ये आणि सॅमसंग, गूगलच्या महागड्या मॉडेलमध्ये ही चिप असते, वीस-पंचवीस हजारांच्या अँड्रॉइडमध्ये नसते. घरातल्या पाचांपैकी दोघांसाठीच दार आपोआप उघडणार असेल तर ती घराची सोय झाली असं मी मानत नाही.

इथे एक सूचना. अमेरिकेत राहणारा भाऊ किंवा भाचा येताना यूडब्ल्यूबी लॉक आणून देतो म्हणाला, तर आधी दार बघा. तिकडची लॉक दारात ५४ मिलिमीटरचं गोल भोक पाडून बसवतात. आपल्याकडे दाराच्या कडेत लांबट खाच घेऊन मॉर्टाइज, म्हणजे दाराच्या आत बसणारी कुलपाची पेटी, बसवतात. आधीच खाच असलेल्या दाराला पुन्हा एवढं भोक पाडलं की लाकूड कमकुवत होतं. तिकडची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही, ते वेगळंच.

म्हणून मी चेहरा ओळखणाऱ्या लॉककडे वळतो. त्याचा सेन्सर बाहेरच्या बाजूलाच असतो, त्यामुळे आत-बाहेरचा गोंधळ मुळातच होत नाही. फोन लागत नाही, म्हणून आई-बाबा आणि मुलगी सगळ्यांना सारखंच चालतं. घेताना एक गोष्ट सोडू नका: इन्फ्रारेड किरणांनी चेहऱ्याचा उंचसखलपणा, म्हणजे थ्रीडी मोजणारं लॉक हवं. नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारं नको. दुकानात तुमचा चेहरा नोंदवून घ्या, मग फोनवर तुमचा मोठा फोटो त्याच्यासमोर धरा. उघडलं तर तिथूनच परत फिरा. अंधारात चालतं का तेही बघा, कारण जिन्यातला दिवा गेलेला असतो तेव्हाच आपण पिशव्या घेऊन उभे असतो.

पुण्यात मात्र एक अडचण आहेच. आपण दुचाकीवरून येतो. हेल्मेट, मास्क, आणि बायका-मुली तर कपाळापासून मानेपर्यंत स्कार्फ गुंडाळून. असा चेहरा लॉकला ओळखता येत नाही, आणि ओळखूही नये. क्लासहून येणाऱ्या मुलीला दारात स्कार्फ सोडायचा नसेल तर तिच्यासाठी तळहाताच्या शिरा ओळखणारी सोय बघा. काही लॉकमध्ये चेहरा आणि तळहात दोन्ही असतात. शिरा इन्फ्रारेड प्रकाशात दिसतात, त्यामुळे बोट ओलं आहे, पीठ लागलंय, वयामुळे ठसे झिजलेत, याने काही बिघडत नाही. बाबांच्या बोटांचे ठसे बँकेत किंवा रेशन दुकानात लागत नसतील तर दारावरही लागणार नाहीत, तिथेही तळहात कामाला येतो. एक हात मोकळा करावा लागतो, एवढंच.

आता पुश-पुलचं. दुकानात 'हँड्स-फ्री' म्हणून दाखवलेली बरीच लॉक ओळख पटल्यावर नुसती क्लच, म्हणजे हँडल आणि बोल्ट (कुलपाचा दांडा) यांच्यातली जोडणी, जोडून देतात, हँडल तुम्हालाच दाबावं लागतं. दोन्ही हातांत सामान असेल तर मग काय उपयोग? पूर्ण ऑटोमॅटिक लॉकमध्ये मोटर बोल्ट स्वतः आत ओढते, आणि आपलं मुख्य दार आत उघडतं म्हणून खांद्याने ढकललं की झालं. दार लावलं की बोल्टही ते स्वतःच टाकतं. माझ्या मते रोजचा खरा फायदा हाच, कारण दार उघडायला कुणी विसरत नाही, लावायला विसरतात. फक्त दार नुसतं लोटलेलं आहे की पूर्ण बंद, हे ओळखणारा सेन्सर त्यात असू द्या, नाहीतर बोल्ट चौकटीवर आपटत राहतो. आणि कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आलेल्या आईंच्या मागे दार आपोआप लागू शकतं, म्हणून त्यांना पिन पाठ असू द्या.

यापुढचं सगळं दारावर अवलंबून आहे. मॉडेल ठरवण्याआधी हे बघा.

बाणेरच्या बहुतेक फ्लॅटना बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असतं किंवा रहिवासी ते लावून घेतात. ते किल्लीच्या लॅचने बंद करत असाल तर आतल्या दारावर कितीही महाग लॉक लावा, किल्ली काढावीच लागणार. माझा सल्ला असा की सेफ्टी डोअर घरात असताना आतून कडी लावण्यापुरतं ठेवा आणि बाहेर जाताना भरवसा मुख्य दारावर टाका. म्हणजे मुख्य दार भरीव हवं, पोकळ फ्लश डोअरवर एवढं लॉक लावण्यात अर्थ नाही. जाळीमागून चेहरा नीट वाचला जात नाही, म्हणजे सेफ्टी डोअर आधी कोपराने ओढून घ्यावं लागेल, त्याला तसं हँडल लावून घ्या. दोन्ही दारांमधलं अंतरही मोजा. पुश-पुल लॉकचा बाहेरचा भाग चांगलाच पुढे येतो आणि सेफ्टी डोअरच्या हँडलवर आदळतो. ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो.

दुसरं, जूनमध्ये दार फुगतं. हाताने लावताना आपण नकळत जरा ओढून किल्ली फिरवतो, मोटरला ते जमत नाही. बोल्ट चौकटीतल्या पट्टीत अडकला की ती पुन्हापुन्हा जोर लावते आणि बॅटरी संपवते. लॉक बसवण्याआधी सुताराकडून बिजागऱ्या कसून घ्या, कडेला रंधा मारून घ्या, आणि तासलेल्या उघड्या लाकडाला पॉलिश किंवा रंग द्यायला लावा. तो भाग उघडा राहिला की पुढच्या पावसात तिथूनच पाणी पितो.

घराशी जोडण्याबद्दल थोडंच सांगतो. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जोडणारं स्टँडर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात दाराची लॉक आहेत. ते चालणारं लॉक घेतलंत तर उद्या स्पीकर बदलला तरी लॉक बदलावं लागणार नाही. पण चेहऱ्याची नोंदणी वगैरे कंपनीच्याच अ‍ॅपमधून करावी लागते, तिथे मॅटरचा उपयोग नाही. दार उघडलं की पॅसेजचा दिवा लागणं, सगळे बाहेर पडले की पंखे बंद होणं, हे जरूर करा. 'फोन घराच्या वायफायला जोडला गेला की दार उघड' असला नियम मात्र कधीही बनवू नका. आवाजाने उघडायचं असेल तर अलेक्सा आणि गूगल दोघंही पिन मागतात. तो पिन जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगण्यात काय अर्थ आहे?

आणि गुरुवार. महावितरणची दुरुस्तीची कामं गुरुवारी असतात, राउटर बंद पडतो. लॉक बॅटरीवर चालतं, पण ओळख पटवण्यासाठी ते इंटरनेटवर अवलंबून नाही ना, हे दुकानातच वायफाय बंद करून बघा. चेहऱ्याची माहिती लॉकमध्येच साठवली जाते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तेही लेखी विचारा. चेहरा हा पिन नव्हे, एकदा बाहेर गेला की बदलता येत नाही.

चेहरा बघणारं लॉक बॅटरी जास्त खातं, विशेषतः लिफ्टसमोर दार असेल तर, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी ते जागं होतं. सेन्सरचं अंतर सेटिंगमध्ये कमी करून ठेवा. बॅटरी पूर्ण उतरली तर बाहेरून पॉवर बँक लावायला यूएसबी-सीचं तोंड हवं, किंवा नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची जागा. याशिवाय साधी किल्ली असलेलंच लॉक घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने चुकीचं सॉफ्टवेअर अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० लॉकचे कीपॅड बंद पडले. किल्ली जवळ होती त्यांचं काम निभावलं. तुमची एक किल्ली घराबाहेर हवी, औंधला किंवा कोथरूडला कुणी जवळचं असेल त्यांच्याकडे. आतून मात्र वीज, बॅटरी, अ‍ॅप काहीही न लागता हँडल दाबून बाहेर पडता आलंच पाहिजे. आग लागली तर आई-बाबांना पिन आठवत बसायला वेळ नसतो.

कामाला येणाऱ्या मावशींचा चेहरा नोंदवू नका, त्यांच्या वेळेपुरता चालणारा वेगळा पिन द्या. त्यांना स्मार्टफोन लागत नाही, आणि काम सोडलं तर तेवढाच पिन काढून टाकता येतो.

खरेदी ऑनलाइन करा किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, पण बिघाड झाला तर पुण्यातला माणूस किती तासांत घरी येतो हे आधी विचारा, आणि बसवून देणं किमतीत आहे का तेही. दाराची जाडी, दोन दारांमधलं अंतर आणि सध्याच्या मॉर्टाइजच्या खाचेची लांबी-रुंदी कळवलीत, तर तीच खाच चालेल की नवी घ्यावी लागेल हे मी सांगू शकेन.