'इलमॅटिक' ऐकायला घेतला, पण तीन गाण्यांत कंटाळा आला. हा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की 'गली बॉय'पासून रॅपची गोडी लागली, नास या अमेरिकी रॅपरचं नाव त्या निमित्ताने कळलं, आणि सगळे थोर म्हणतात म्हणून त्याचा 'इलमॅटिक' लावला. पण चाल सापडेना, शब्द कळेनात आणि मागे तेच ते वाजत राहिलं. तिन्ही तक्रारी रास्त आहेत. पहिल्या खेपेला चालही शोधू नका आणि अर्थही शोधू नका. यमक कुठे पडतंय, तेवढंच ऐका. या अल्बमची खरी करामत तिथे आहे आणि ती कानाला एकदा लागली की बाकीचं हळूहळू उलगडतं.

आधी आवृत्ती तपासा, कारण बरेच जण इथेच चुकतात. कोलंबिया रेकॉर्ड्सने १९ एप्रिल १९९४ ला काढलेला मूळ अल्बम १० ट्रॅकचा आणि जेमतेम ४० मिनिटांचा आहे. २००४ मध्ये दहा वर्षांनिमित्त आणि २०१४ मध्ये वीस वर्षांनिमित्त काढलेल्या आवृत्त्यांत रीमिक्स आणि जास्तीची गाणी जोडली आहेत. ती नंतर ऐकायला छान, पण पहिल्यांदा ऐकताना अल्बम कुठे संपतो हेच त्यांत कळत नाही. शिवीगाळ कापलेली 'क्लीन' आवृत्तीही टाळा. शब्द गाळला की त्या जागी भोक पडतं आणि ओळीची लय तुटते. याचा अर्थ असा की अल्बममध्ये शिव्या आहेत, हिंसा आहे, बायकांबद्दलचे हिणकस उल्लेखही आहेत. घरात मोठ्याने लावू नका.

ॲपमध्ये शफल बंद करा आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय) शून्यावर आणा. 'द जेनेसिस' हा पहिला ट्रॅक गाणं नाहीच. त्यात रेल्वेची खडखड, १९८३ च्या 'वाइल्ड स्टाइल' या हिप-हॉपवरच्या चित्रपटातला आवाज आणि मागे नासनेच १९९१ मध्ये मेन सोर्स या गटाच्या 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू'मध्ये म्हटलेलं कडवं असं सगळं आहे. त्या गोंगाटातून थेट 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'चा पियानो सुरू होतो. क्रॉसफेड चालू असला तर हा सांधाच पुसला जातो. ऑटोप्लेही बंद ठेवा, नाहीतर दहावा ट्रॅक संपताच ॲप भलतंच काही लावेल.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. इतक्या छोट्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही, आणि इथला बास आणि किक ड्रम नेमका त्याच पट्ट्यात आहे. तुम्हाला 'मागे तेच ते' वाटलं त्याचं एक कारण हे असू शकतं. साधा वायरवाला हेडफोन पुरेसा आहे. मात्र बास बूस्ट लावू नका. आजच्या ट्रॅप या रॅपप्रकारासारखा घुमणारा इलेक्ट्रॉनिक ८०८ बास इथे नाहीच, त्यामुळे बूस्ट केल्यावर फक्त आवाज गढूळ होतो.

आता ऐकण्याकडे येऊ. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, चार ठोके असतात. किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा खोल ठोका, पहिल्यावर, आणि स्नेअरची सणसणीत थाप दुसऱ्या आणि चौथ्यावर. स्नेअरवर मान हलवा आणि ती हलती ठेवा. साध्या रॅपमध्ये यमक चौथ्या ठोक्यावर येऊन बसतं, प्रत्येक ओळीत, ठरल्यासारखं. नास तसं करत नाही. त्याचं वाक्य बारच्या रेघेवरून पुढे वाहत जातं, यमक कधी दुसऱ्या ठोक्यावर येतं, कधी दोन ठोक्यांच्या मधे, आणि आता निसटला असं वाटत असतानाच तो बरोबर जागेवर येतो. तबल्यात तिहाई घेऊन समेवर येणं ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा आनंद लगेच ओळखू येईल.

शिवाय आपल्या कानाला ओळीच्या शेवटच्या यमकाची सवय असते. इथे शेवटचं अक्षर जुळलं की नाही याकडे पाहू नका, स्वर ऐका. एका ओळीतले तीन-चार स्वर पुढच्या ओळीत त्याच क्रमाने परत येतात, व्यंजनं मात्र वेगळी असतात. शब्द कळत नसतानाही हे ऐकू येतं. उलट शब्दांकडे लक्ष नसेल तर जास्तच ऐकू येतं, म्हणून पहिल्या खेपेला समोर गीताचे शब्द उघडून बसू नका. डोळे वाचायला लागले की कान पुढच्या ओळीची वाट पाहतात आणि ठोका सुटतो.

मुखडा-अंतरा शोधण्याचा मोहही सोडा. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'चं पहिलं कडवं इतकं लांब आहे की गाण्याला ध्रुवपद आहे हेच विसरायला होतं, आणि ते येतं तेव्हा कोणी गात नाही. गाण्याचा संगीतकार डीजे प्रीमियरने राकिम या आधीच्या रॅपरच्या जुन्या रेकॉर्डवरचा आवाज घासून ते बनवलं आहे. याउलट 'द वर्ल्ड इज युअर्स'मध्ये संगीतकार पीट रॉकने स्वतः गायलेलं ध्रुवपद आहे. पहिल्या खेपेला धरून ठेवायला तेच गाणं सगळ्यात सोपं.

ही ४० मिनिटं एका बैठकीत ऐका. फारच जड गेलं तर पाचव्या 'हाफटाइम'नंतर थांबा, कारण रेकॉर्डची पहिली बाजू तिथेच संपत होती. त्या बाजूंना 'फोर्टीएथ साइड नॉर्थ' आणि 'फोर्टी-फर्स्ट साइड साउथ' अशी नावं होती. नास जिथे वाढला तो क्वीन्सब्रिज हाउसेसचा परिसर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, याच ४० आणि ४१ क्रमांकाच्या अव्हेन्यूंच्या आसपास आहे. १९३९ मध्ये उघडलेल्या या सरकारी वसाहतीत सहा-सहा मजली ९६ इमारती आहेत आणि अशा वसाहतींत ती उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून तिथे क्रॅक कोकेनने थैमान घातलं. अल्बम आला तेव्हा नास २० वर्षांचा होता, म्हणजे त्याचं सगळं पौगंड त्या काळात गेलं. अल्बमभर गॅलरी, जिने, लॉबी, बाकडी येत राहतात ती याच इमारतींची.

दुसऱ्या खेपेला शब्द समोर घ्या, पण दहाही गाण्यांचे नकोत. तीनच घ्या: 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड', 'द वर्ल्ड इज युअर्स' आणि 'वन लव्ह'. यातलं 'वन लव्ह' माझ्या मते सर्वांत मोठं गाणं आहे. पहिली दोन कडवी म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. तुला मुलगा झाला, अमका असा वागला, तमका मेला, अशा बातम्या तो एखाद्या घरच्या पत्रात सांगाव्यात तशा सांगतो, आवाज जराही न चढवता. तिसऱ्या कडव्यात तो बाकड्यावर एका बारा वर्षांच्या पोराशी बोलतो, आणि आत गेलेल्यांची जागा आता कोण घेतंय हे न सांगता कळतं. बोलीतले थोडे शब्द माहीत असू द्या. 'अप नॉर्थ' म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेतले तुरुंग, 'शॉर्टी' म्हणजे इथे लहान पोरगा, 'टेक' म्हणजे टेक-९ पिस्तूल, आणि 'फिलीज' म्हणजे आतली तंबाखू काढून गांजा भरायला वापरायचे स्वस्त सिगार.

संगीत 'तेच ते' वाटतं, कारण ते खरोखरच छोट्या तुकड्यांची आवर्तनं आहेत. अल्बमचे संगीतकार लार्ज प्रोफेसर आणि पीट रॉक यांचं आवडतं यंत्र होतं एसपी-१२००, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे (नमुने) साठवून वाजवणारा सॅम्पलर. त्यात सगळे नमुने मिळून जेमतेम १० सेकंद मावायचे, तेही १२ बिटचे. म्हणून तेव्हाचे लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने फिरवून तुकडा भरायचे आणि यंत्रात परत संथ करायचे. जागा वाचायची, पण आवाजाला एक खरखरीत, धुरकट पोत यायचा. तो दोष समजू नका, त्या काळच्या न्यूयॉर्कचा सूरच तो आहे.

हे हाताला लागावं म्हणून एक प्रयोग करा. अहमद जमाल यांच्या १९७० च्या 'द अवेकनिंग' या जॅझ अल्बममधलं 'आय लव्ह म्युझिक' पूर्ण ऐका आणि 'द वर्ल्ड इज युअर्स'चा पियानो त्यात कुठे दडलाय ते स्वतः शोधा. जागा मुद्दाम सांगत नाही. मग मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' ऐका आणि लगेच शेवटचं 'इट एन्ट हार्ड टू टेल' लावा. आणि 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी जे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजतं तो नमुना नाही. ते नासचे वडील, जॅझ वादक ओलू दारा यांनी वाजवलं आहे. त्याच गाण्यात एझी येतो, सबंध अल्बममधला एकमेव पाहुणा रॅपर, आणि पहिलं कडवं तोच म्हणतो.

सगळी गाणी सारख्या तोलाची आहेत असं मी म्हणणार नाही. 'वन टाइम फॉर युअर माइंड' मला सैल वाटतं. 'हाफटाइम' १९९२ मध्येच 'झीब्राहेड' चित्रपटासाठी आलं होतं, त्यामुळे त्यातला नास जरा जास्त आरडाओरडा करणारा आहे. ही दोन आवडली नाहीत तर काही बिघडत नाही.

तुम्हाला 'गली बॉय' आवडला असेल तर त्याच्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नासचं नाव पाहा. मुंबईचा रॅपर डिव्हाइनही २०१९ मध्ये नासच्या मास अपील या रेकॉर्ड कंपनीच्या भारतातल्या शाखेशी करारबद्ध झाला. त्याच्या जुन्या गाण्यांत मुंबईतल्या गल्लीची नावं आणि माणसं कशी येतात, ते 'इलमॅटिक'नंतर पुन्हा ऐका. दोन्हींतलं नातं जास्त स्पष्ट कळेल.

पुढे काय, तर त्याच क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या मॉब डीप या रॅप जोडीचा 'द इन्फेमस' (१९९५) आधी घ्या. तो जास्त काळोखा आहे, पण ठोका ओळखीचा वाटेल. हे सगळंच जड वाटलं तर अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' (१९९१) घ्या. 'वन लव्ह'चं संगीत करणारा क्यू-टिप त्याच गटातला, आणि तिथे बास ऐकायला फार मजा येते.