पूरछावणीत हृदयरोगी आधी शोध

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. कृष्णाकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तुझी नेमणूक झाली आणि पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र. सर्पदंशावरचं प्रतिविष, क्लोरीनच्या गोळ्या, लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन यांचा साठा करायला तुला सगळेच सांगतील. छावणीतल्या हृदयरोग्यांबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसला नॉर्थरिजचा भूकंप झाला. एरवी तिथे हृदयधमनीच्या विकाराने दिवसाला सरासरी ४.६ माणसं अचानक दगावत. त्या दिवशी २४ दगावली. अंगमेहनत करताना गेलेले त्यांत मोजकेच. भीतीने अ‍ॅड्रेनलिन उसळतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्त लवकर गोठू लागतं. धमनीत आधीच चरबीचा थर असेल तर तो फाटून गुठळी धरायला एवढं पुरतं.

पुराचं तसं नाही. पाणी चढत जातं, ताणही दिवसेंदिवस साचतो. माझ्या मते इथे सगळ्यात मोठा धोका घरी राहिलेल्या औषधाच्या पिशवीचा आहे. मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोल ही नाडी आणि बीपी आवरणारी गोळी एकदम बंद झाली की नाडी उसळते, छातीत दुखू लागतं. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवून वर्ष न झालेल्याची क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी होऊ न देणारी गोळी, चुकली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. म्हणून आत्ताच आशाताईंना बरोबर घेऊन गावनिहाय यादी कर: बीपी, मधुमेह, स्टेंट, बायपास, हार्ट फेल्युअर (हृदयाची पंपाची ताकद कमी झालेले). औषधाचं नाव, डोस आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या आधार कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांग, सोबत १५ दिवसांच्या गोळ्या.

छावणीत पहिल्या फेरीला ‘काय होतंय?’ असं विचारू नकोस. ‘रोजची कुठली गोळी राहिली?’ असं विचार. लघवीची गोळी बायका मुद्दाम टाळतात, कारण शाळेच्या एका संडासापुढे रांग असते. त्याच कारणाने पाणीही कमी पितात. गोळी चुकली की पायांवर सूज येते, रात्री उताणं झोपवत नाही. दुसरीकडे पाणी कमी पडून रक्त दाट होतं, ते वेगळंच. मदतीच्या पाकिटांत फरसाण, लोणचं, नूडल्स, म्हणजे सगळं मिठाचं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी बिनमिठाचा भात आणि पातळ वरण वेगळं काढायला लाव. बायकांसाठी रात्री उजेड असलेला वेगळा संडास मागून घे. हृदयाच्या दृष्टीनेही ती गरज आहे. जपानात २००४ च्या चुएत्सू भूकंपानंतर लोक मोटारीत बसल्या बसल्या झोपले आणि पायातल्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन काही दगावले. तेव्हा म्हाताऱ्यांना बाकावर रात्र काढू देऊ नकोस, दिवसातून चार-पाच वेळा चालव.

बीपी पाच मिनिटं बसवून, दोनदा मोज. पहिल्या दिवशी १६० दिसलं म्हणून लगेच नवी गोळी जोडू नकोस. आधी चुकलेली सुरू कर, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोज. १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणं, दम किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात पाठव.

आणि ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून कुणालाही परत पाठवू नकोस, विशेषतः पन्नाशीपुढच्या बाईला. धक्क्याने हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगून लुळं पडतं, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण ईसीजी हार्ट अटॅकसारखाच दिसतो आणि छावणीत फरक कळत नाही. दोन्हीला एकच वाट: दहा मिनिटांत ईसीजी, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून, आणि १०८. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट देऊ नकोस, त्याने बीपी आणखी उतरतं. मधुमेह्याच्या छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, दम, ‘अ‍ॅसिडिटी’ एवढंच असतं.

पाणी ओसरलं की छावणी रिकामी होते आणि सगळे विसावतात. तू विसावू नकोस. साठीतला माणूस त्याच दिवशी भिजलेल्या गाद्या आणि चिखलाच्या पाट्या उचलायला लागतो, अर्धपोटी आणि औषधाविना. यादीतल्यांना जड कामापासून लांब ठेवायला घरच्यांना स्पष्ट सांग. घरी परतल्यावर एका आठवड्याने, मग महिन्याने बीपी पुन्हा बघ. ताणाने चढलेलं बीपी बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. तेव्हा वाढवलेला डोस कमी केला नाही, तर तोच माणूस शेतात चक्कर येऊन पडेल.