डॉक्टरांना हे कसं सांगायचं?

"मॅडम, डॉक्टर कंबरेचं विचारतात, शुगरचं विचारतात. ह्याबद्दल कोणी विचारत नाही. आपण होऊन बोललो तर काय म्हणतील, या वयात?" साठी उलटलेल्या आणि वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसांकडून लैंगिक संबंधांबद्दलचा हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. म्हणून दापोलीकडच्या एका जोडप्याविषयी लिहिते. त्यांनी होकार दिलाय, आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललंय.

काका ६८ वर्षांचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरी घाटात गेली आणि कंबरही त्यातच गेली. "झोप लागत नाही" म्हणून आले होते. बोलत होत्या काकूच. मध्येच म्हणाल्या, "हे हल्ली पडवीत झोपतात," आणि गप्प झाल्या.

मग दोघांशी वेगवेगळं बोलले. काकूंना पाळी गेल्यापासून कोरडेपणा होता, संबंधांच्या वेळी आग व्हायची. "दोनदा नको म्हटलं. तेव्हापासून खाट बाहेर गेली. मला वाटलं, यांचं मन उडालं." काका म्हणाले, "तिला त्रास कशाला? आणि मलाही जमेनासं झालंय." शर्टाच्या खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेल्या दोन गोळ्या काढल्या. खेडला जाऊन घेतल्या होत्या, कारण गावातला मेडिकलवाला ओळखीचा. त्याच खिशात छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची पट्टी होती.

मला धस्स झालं. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट औषधाबरोबर सिल्डेनाफिल, म्हणजे काकांनी आणलेली ताठरतेची गोळी, घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जिवावर बेतू शकतं. नशीब, त्यांनी अजून घेतली नव्हती.

काका याला वय समजत होते. पण अडचण सुरू झाली ती नसांच्या दुखण्यावरची नवी गोळी लागल्यानंतर. ड्युलोक्सेटीन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांसारख्या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते, ताठरता बिघडू शकते. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी फार काळ चालली तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, उतरू शकतं. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मनाने गोळी बंद मात्र करायची नाही.

काकांना तोंडाने बोलवेना, म्हणून आम्ही चिठ्ठी लिहिली. कॅलेंडरच्या पानामागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात, दोनदा खोडून लिहिलं: "नवीन गोळी सुरू झाल्यापासून पती-पत्नी संबंधांत अडचण येते. औषधामुळे आहे का? बदलता येईल का?" डॉक्टरांनी वाचलं, उठून दार लावलं आणि म्हणाले, "बरं केलंत, सांगितलंत." नंतर फोनवर ते मला म्हणाले, वयस्कर माणसं अवघडतील म्हणून मीच कधी विचारत नाही.

म्हणजे काका आणि डॉक्टर, दोघंही एकमेकांची वाट बघत होते. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवात डॉक्टरांनीच करावी. जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अशा बोलण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली पहिली पायरीच परवानगीची: हा विषय इथे काढलेला चालतो, एवढं रुग्णाला कळू देणं. "दुखण्यामुळे तुमच्या दोघांच्या जवळिकीत काही फरक पडलाय का?" या एका वाक्याने ते होतं. नातेवाईक बाहेर हवेत, विशेषतः मुलगा-सून.

गोळी डॉक्टरांनी हळूहळू बदलली. काकूंना स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून क्रीम दिलं, शिवाय वंगणाची जेली. मी सांगितलं ते साधंच. दिवसभराच्या कामाने कंबर धरल्यावर रात्रीचा हट्ट नको, दुपारी गरम पाण्याने अंघोळ झाल्यावरची वेळ बघा. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. पहिले दोन आठवडे नुसतं शेजारी पडायचं, पाठीला तेल लावायचं, पुढे काही व्हायलाच हवं असं नाही. हे ऐकून काका पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

कंबर अजून दुखतेच. तिसऱ्या भेटीला काकू म्हणाल्या, "पडवीतली खाट उचलली, तिथे नारळ रचलेत."