केस कमरेपर्यंत लांब, मुळं दुसऱ्याच दिवशी ओशट आणि टोकं राठ: कसे धुवावेत?

तुम्ही लिहिलंय की न्हाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भांगाजवळचे केस चिकटून बसतात, टोकं मात्र कोरडी. रोज शाम्पू लावावा तर केस हातात येतात. आणि मैत्रीण सांगते, आठ-दहा दिवस धूच नकोस, टाळूला सवय झाली की तेल आपोआप कमी सुटेल.

मैत्रिणीचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तेल तयार करणाऱ्या ग्रंथी त्वचेच्या आत असतात आणि त्यांचं काम मुख्यतः संप्रेरकांच्या तालावर चालतं. तुम्ही काल न्हालात की गेल्या सोमवारी, हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. न धुतल्याने त्या आळशी होत नाहीत आणि रोज धुतल्याने चवताळतही नाहीत. आठ दिवसांत एवढंच होईल की तेल, घाम आणि रस्त्यावरची धूळ साठेल, खाज सुटेल, आणि कोंडा असेल तर तो वाढेल. कोंड्यामागे असणारी मॅलासेझिया नावाची बुरशी याच तेलावर पोसली जाते.

माझेही केस असेच आहेत, लांब आणि मुळाशी ओशट. माझी सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: टाळू धुवायची, केस धुवायचे नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतचा, सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरचा केस असेल, तर त्याचं टोक सहा वर्षांचं झालेलं असतं. मुळाजवळचा भाग कोरी साडी असेल तर टोक म्हणजे सहा वर्षं अंगाला लागलेला पदर. दोन्हींना एकाच जोराने घासून कसं चालेल? त्यातून वरचं तेल एवढ्या लांबीवरून खाली पोचतच नाही. म्हणून मुळं ओशट आणि टोकं राठ हे एकाच डोक्यावर बिनतक्रार नांदतं.

मी करते ते असं. न्हाण्याआधी कोरड्या केसांतला गुंता जाड दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवायचा. मग केसांचे दोन भाग करून मानेखाली सैल वेण्या घालायच्या. शाम्पू थेट डोक्यावर ओतायचा नाही. लहान चमचाभर शाम्पू कपभर पाण्यात मिसळायचा. केसांच्या डायबरोबर तोटीची बाटली येते, तसली बाटली यासाठी उत्तम. डोकं पूर्ण ओलं झालं की ते पातळ पाणी भांगाभांगातून, कानामागे आणि मानेच्या वर सोडायचं आणि बोटांच्या पेरांनी चोळायचं. नखं नकोत. वेण्यांना हात लावायचा नाही. धुताना फेस त्यांच्यावरून उतरतो, तेवढं त्यांना पुरतं. हे पातळ पाणी रोजच्या रोज करायचं, उरलं तर टाकायचं. पाणी घातलं की शाम्पूतली परिरक्षकं पातळ होतात आणि बाटलीत जंतू वाढू शकतात.

बादलीवर अंघोळ असेल तर डोकं पुढे झुकवून सगळे केस तोंडावर घेण्याची जी सवय असते, ती सोडा. गुंता तिथेच होतो. सरळ उभं राहून किंवा पाटावर बसून मागच्या बाजूने पाणी सोडायचं, कोमट. आणि धुवायला वाटतं त्याच्या दुप्पट पाणी लागतं. मानेवर शाम्पू राहिला की तिथेच खाज येते. शेवटी वेण्या सोडून कंडिशनर फक्त कानाच्या खालच्या लांबीला लावायचा. टाळूला कंडिशनर लागला की दुसऱ्या दिवशीच डोकं पुन्हा ओशट दिसतं, आणि दोष शाम्पूला जातो.

किती दिवसांनी? टाळू सांगेल तेव्हा. पुण्यात एप्रिल-मे मध्ये मी एक दिवसाआड धुते, थंडीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आमच्याकडे न्हाण्याचे वार ठरलेले असत, अमुक वारी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही वगैरे. पण ओशट टाळूला वार कळत नाहीत. पद्धत सौम्य असेल तर एक दिवसाआड धुण्याने काही बिघडत नाही.

हातात येणाऱ्या केसांबद्दल. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सामान्यच. चार दिवस न धुतल्यास ते सैल झालेले केस बाकीच्यांत अडकून राहतात आणि न्हाताना एकदम सुटतात. त्यात केस लांब असले की वीस-पंचवीस केसांचाही मोठा पुंजका दिसतो. शाम्पूने ते उपटलेले नसतात, फक्त सुटे केलेले असतात.

शाम्पू कुठला हे विचारलंय. महागच हवा असं काही नाही. बाटलीच्या मागे सोडियम लॉरिल सल्फेट अगदी वरच्या नावांत असेल तर तो जास्त कोरडा करतो. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून जरा मऊ, आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बिटेन असेल तर पातळ करून सहज चालतो. अंगाचा साबण डोक्याला नको. तो अल्कधर्मी असतो, केसांचे खवले उघडतात, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरट साका केसांवर बसतो. तो साका बऱ्याच जणींना तेलच वाटतो! केस चिकट लागतात पण कपाळावर तेल नाही, असं असेल तर पाण्याकडे संशयाने बघा. कोकणातल्या विहिरीचं पाणी मऊ, तिथे काहीही खपून जातं. देशावर बोअर किंवा टँकरच्या पाण्याला तसं नसतं. तिथे शेवटचा एक तांब्या तरी पिण्याच्या पाण्याचा घ्या. बेकिंग सोडा आणि टाळूवर लिंबू चोळणं, दोन्ही बाद.

आता शिकेकाई, जी मला मनापासून आवडते. शिकेकाई आणि रिठ्यातली सॅपोनिनं फेस करतात, जड पाण्यातही साका धरत नाहीत, आणि शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने केस गुळगुळीत राहतात. पण बाजारातली पावडर कालवून लांब केसांना लावणं म्हणजे नंतर दोन दिवस केसांतून भुसा झटकणं. त्यापेक्षा काढा करा. कमरेपर्यंतच्या केसांना सात-आठ शेंगा, बी काढलेले चार-पाच रिठे, मूठभर आवळकाठी आणि चमचाभर मेथी, दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचं. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळायचं. मेथीने पाणी बुळबुळीत होतं आणि गुंता कमी होतो. रिठा वाढवला तर तेल जोरात निघेल, पण टोकं अजून राठ होतील. डोळे गच्च मिटून घ्या, रिठ्याचं पाणी फार झोंबतं. उरलेला काढा फ्रिजमध्ये एक-दोन दिवस टिकतो. एक दिवसाआड हा खटाटोप कोणाच्याच्याने होत नाही, माझ्याच्यानेही नाही. रविवारी शिकेकाई आणि मधल्या दिवशी पातळ शाम्पू, असं जमतं.

तेल लावायचं का? टाळूला नाही, तिथे आधीच भरपूर आहे. टोकांना मात्र जरूर, धुण्याआधी तासभर, खोबरेल. मुंबईत मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झाली. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. तेल विकणाऱ्यांचंच संशोधन आहे हे ध्यानात ठेवून वाचावं, पण कारण पटतं: खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. रात्रभर चंपी करून सकाळी ते काढायला दोनदा शाम्पू लावणं मात्र तुमच्यासारख्या केसांना परवडणारं नाही.

बाकी किरकोळ. कंगवा आणि उशीचा अभ्रा आठवड्याला धुवा. दुचाकीवर स्कार्फ आणि हेल्मेट घालत असाल तर स्कार्फही. नुसता घाम आला असेल तर साध्या पाण्याने टाळू धुतली तरी भागतं. केस पंचाने झटकू नका, दाबून पाणी टिपा. पावसाळ्यात ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपू नका, कुबट वास येतो आणि मग पुन्हा धुवावंसं वाटतं.

टाळूवर पिवळट चिकट पापुद्रे, लाली आणि खाज असेल तर मात्र हा नुसता ओशटपणा नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा किटोकोनॅझोलचा शाम्पू देतील. तो लावून लगेच धुवायचा नसतो, तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवायचा असतो. आणि तेल अलीकडेच वाढलं असेल, सोबत पाळी अनियमित झाली असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

तुमच्याकडे पाणी नळाचं आहे की बोअरचं, आणि सध्याच्या शाम्पूवर पहिली चार-पाच नावं काय आहेत, ते खाली लिहा. शिकेकाईत रिठा किती घालायचा ते त्यावरून नीट सांगता येईल.