घरी गाणं रेकॉर्ड करायला स्वस्तातला माईक कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की फोनवर गाणं रेकॉर्ड केलं की आवाज बाथरूममधून आल्यासारखा येतो, बजेट बेताचं आहे, आणि कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक, थेट कॉम्प्युटरला लागणारा यूएसबी की इंटरफेसवाला (म्हणजे माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये वेगळा डबा लागणारा), यात डोकं भणाणून गेलंय.

माईकचं नाव नंतर सांगतो. आधी जिथे गाता त्या खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागे झणझणणारं शेपूट ऐकू आलं, तर तुमची तक्रार निम्मी फोनची नाहीच, भिंतींची आहे. मग कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडा, फोन तोंडापासून वीतभर धरा आणि कपड्यांकडे तोंड करून तीच ओळ म्हणा. दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोनवर लागोपाठ ऐका. फोन तोच, गळा तोच. जो फरक ऐकू येईल तो एकही पैसा खर्च न करता मिळालेला आहे.

मी पहिला माईक घेतला तेव्हा टाळीबिळी काही वाजवली नव्हती. स्टुडिओत कंडेन्सर असतो म्हणून कंडेन्सर आणला. पहिल्याच रात्री ऐकतो तर गाण्यामागे बारीक टकटक. माईक सदोष निघाला असं धरून मी पावतीसुद्धा शोधून ठेवली. टकटक घड्याळाची होती, आणि घड्याळ पलीकडच्या खोलीत होतं! त्यावर कडी म्हणजे पुढचे दोन आठवडे मी त्या माईकच्या पाठीकडून गात होतो. या जातीच्या जाडजूड कंडेन्सरमध्ये टोकाकडून नाही, बाजूने गायचं असतं. बहुतेकदा लोगो किंवा हृदयासारखी खूण असते ती पुढची बाजू. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो.

आता डायनॅमिक की कंडेन्सर. कंडेन्सरचा पडदा अगदी पातळ, त्यामुळे श्वास, कुजबुज, स्वराची बारीक किनार, सगळं पकडतो. डायनॅमिकच्या पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. ते जड, हलायला जोर लागतो. म्हणून डायनॅमिक खोलीचा आवाज गाळतो असं सर्रास सांगतात. खरं तर त्यात गाळण्यासारखं फारसं काही नाही. डायनॅमिकजवळ आपण चार बोटांवर गातो, कंडेन्सरपासून वीतभर लांब राहतो, बहुतेक फरक तिथेच पडतो. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. वीतभरावरून चार बोटांवर या, कंडेन्सरही बराच कोरडा वाजेल. फक्त जवळ गेल्यावर खर्ज फुगतो. आवाज मुळात जाडा असेल तर रेकॉर्डिंगनंतर 80 हर्ट्झच्या खालचं छाटून टाका.

खोक्यावरचे आकडे बघून भुलू नका. रोडच्या एनटी1 चा स्वतःचा गोंगाट 4 डेसिबल, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी2020 चा 20. वाचायला केवढा फरक! पण घरातली खोली रात्रीच्या शांततेतही 30 डेसिबलच्या आसपास असते; पंखा किंवा फ्रिज चालू असेल तर बोलायलाच नको. तो 4 आणि 20 मधला फरक तुमच्या पंख्याखाली बुडतो. जास्त पैसे मोजून शांत माईक घेण्याआधी पंखा बंद करा.

माझं मत असं: टाळीला शेपूट असेल, रस्त्याचा आवाज येत असेल आणि गळा दणकट असेल, तर डायनॅमिक. शूअरचा एसएम58 हा 1966 पासून चालत आलेला माईक आहे, 50 ते 15,000 हर्ट्झ घेतो, आणि गाण्याला तेवढं पुरतं. खोली मऊ असेल, म्हणजे गादी, पडदे, कपडे, पुस्तकं भरपूर, आणि तुम्ही हळुवार गात असाल, तर एटी2020 सारखा साधा कंडेन्सर. शूअरच्याच एसएम7बी चा मोह पडेल, व्हिडिओंत सगळ्यांसमोर तोच दिसतो. पण त्याचा आवाज बारीक येतो, त्याला 60 डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे आवाजाला वाढ, द्यावी लागते. बऱ्याच स्वस्त इंटरफेसची त्यात दमछाक होते आणि मग आणखी एक डबा विकत घ्यावा लागतो.

सगळ्यात स्वस्त कंडेन्सरबद्दल एक गोष्ट कमी लोक सांगतात. त्यातल्या बऱ्याच माईकांची कॅप्सूल, म्हणजे पडदा बसवलेला आतला भाग, न्यूमन या जर्मन कंपनीच्या जुन्या के67 कॅप्सूलच्या धाटणीची असते. ती वरची फ्रीक्वेन्सी उचलून धरते. न्यूमनच्या यू87 माईकमध्ये सर्किटच ती पुन्हा खाली आणतं. नक्कल करताना कॅप्सूल घेतली जाते, ती खाली आणण्याची सोय गाळली जाते. मग 'स', 'श' आणि 'च' कानाला टोचतात. विकत घेण्याआधी ऐकायला मिळालं तर गाणं नाही, स-श-च ठासून भरलेलं एखादं वाक्य बोलून बघा.

आणि माईक, स्टँड, फिल्टर, सगळं एका खोक्यात घालून विकतात ते संच. केबलच्या टोकाला हेडफोनसारखी 3.5 मिलिमीटरची पिन दिसली तर तिथेच थांबा. खोक्यावर 48 व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधूनच मिळणारी वीज) लिहिलेलं असतं, पण त्या पिनेतून कॉम्प्युटर जेमतेम काही व्होल्ट देतो. माईक अर्धपोटी चालतो आणि गाण्यापेक्षा सूंऽऽ असा आवाजच जास्त येतो.

यूएसबी वाईट नाही. एकट्याने, एका वेळी एकच आवाज रेकॉर्ड करणार असाल तर खुशाल घ्या, मात्र हेडफोन लावायचं भोक माईकलाच असायला हवं. नाहीतर तुमचा आवाज कॉम्प्युटर फिरून उशिरा कानात येतो आणि ताल हमखास हुकतो. पुढे गिटार वगैरे जोडायचा विचार असेल तर इंटरफेसच बरा. मधला मार्ग सॅमसन क्यू2यू: डायनॅमिक आहे, यूएसबी आणि एक्सएलआर (इंटरफेसला लागणारी तीन पिनांची जोडणी) दोन्ही आहेत, हेडफोनचं भोकही आहे. मुळात तो बोलण्यासाठी जास्त वापरतात, पण सुरुवातीच्या गाण्यालाही चालतो.

काहीही घेतलंत तरी स्टँड आणि पॉप फिल्टर, म्हणजे माईकसमोर लावायची हवा अडवणारी जाळी, यांचे पैसे बाजूला काढून ठेवा. तळहात तोंडासमोर धरून 'प' म्हणा, मग 'भ' म्हणा. हवेचा तो फटका थेट माईकवर बसतो. माईक थोडा वर, भुवईच्या उंचीला लावून खाली तोंडाकडे वळवला तर फटका बराचसा खालून निघून जातो. गोधडी टांगायची ती तुमच्या पाठीमागे. माईकमागच्या भिंतीला फोमचे चौकोन चिकटवण्यावर पैसे घालू नका: कार्डिऑइड माईकला (म्हणजे एकाच बाजूने ऐकणाऱ्या माईकला) मुख्यतः समोरचं ऐकू येतं, आणि त्याच्या समोर तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत असते.

गेन लावताना मुखडा गुणगुणून लावू नका. गाण्यातला टिपेचा सूर पूर्ण ताकदीने लावा आणि काटा उणे 10 ते 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज बारीक राहिला तरी नंतर वाढवता येतो; फाटलेला सूर मात्र पुन्हा गावाच लागतो.

बजेट फारच ताणलं जात असेल तर वापरलेला डायनॅमिक बघा, ही जात चिवट असते. फक्त एसएम58 च्या नकला ढिगाने फिरतात. बटण नसलेला अस्सल माईक 298 ग्रॅम भरतो. वजन जुळलं म्हणजे खरा असं नाही, पण काट्यावर बराच हलका भरला तर सोडून द्या.