काउकाउ, खाऊ आणि भाताच्या दोन मुदी

प्रश्न असा आहे. एक अनुवादक बाई हवाई बेटांवरच्या एका प्रवासलेखाचं मराठी करतायत. होनोलुलूतल्या प्लेट लंचच्या, म्हणजे एकाच बशीत भात, मॅकरोनी आणि मांसाचा किंवा माशाचा पदार्थ देणाऱ्या, साध्यासुध्या दुकानांवर त्यात चार पानं आहेत, आणि त्या भागाला त्यांनी मथळा दिलाय 'हवाई लोकल थाळी'. थाळी चालेल ना, असं त्या विचारतात. शिवाय लेखात 'काउकाउ टिन' नावाचा जेवणाचा डबा येतो. त्यातला काउकाउ म्हणजे आपला खाऊच तर नव्हे?

बाई, आधी खाऊचं बघू, कारण तो मोह मलाही झाला होता. काउकाउ म्हणजे जेवण, आणि उच्चार केवढा जवळचा! पण नाही. आपला खाऊ 'खाणे'तून आला आणि खाणे संस्कृत 'खाद्' धातूतून. काउकाउचं मूळ कोशकार चिनी बंदरांत व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेल्या पिजिन इंग्रजीत शोधतात. तिथं 'चाउ-चाउ' म्हणजे अन्न. हवाईयन भाषेत व्यंजनं आठच, तीही घशात क्षणभर अडखळणारा एक आवाज धरून. त्यांत च नाही, स नाही, र नाही. बाहेरून आलेल्या च आणि स यांची बोळवण बहुधा 'क'वर होते. चायनाचं झालं कीना. ख्रिसमसचं तर कालिकीमाका. मग चाउचाउचं काउकाउ व्हायला कितीसा वेळ लागणार? अस्सल हवाईयन भाषेत खाण्याला 'आइ' असा वेगळाच शब्द आहे. काउकाउ हा पिजिनचा, म्हणजे नाना देशांच्या माणसांनी एकमेकांशी बोलण्यासाठी जुळवलेल्या बोलीचा शब्द.

अर्थाची छटाही वेगळी. खाऊ पाहुणे आणतात, तो पोरांच्या हातावर ठेवतात, त्यानं पोट भरावं अशी कोणाची अपेक्षा नसते. काउकाउ हे उसाच्या मळ्यात पहाटेपासून राबणाऱ्या माणसाचं दुपारचं भरपेट जेवण. कौआइ बेटावर कोलोआ इथं १८३५ साली उसाचा मोठा मळा उभा राहिला, आणि मग मजूर येतच राहिले: १८५२ मध्ये करारावर चिनी, १८६८ मध्ये जपान्यांची पहिली तुकडी, १८७८ मध्ये पोर्तुगीज, १९००च्या सुमारास पोर्तो रिकोचे, १९०३ मध्ये कोरियन, १९०६ मध्ये फिलिपिनो. उसाचा शेवटचा मोठा मळा माउई बेटावर २०१६ अखेर बंद झाला. बोली आणि जेवण मात्र अजून चालू आहे.

काउकाउ टिनचं भाषांतर 'डबा' असं बिनधास्त करा. दोन पुडांचा, एकावर एक बसणारा. खालच्या पुडात भात, वरच्यात जपानी मजूर ज्याला 'ओकाझु' म्हणत ते. या ओकाझुला इंग्रजी लेखक 'साइड डिश' म्हणून मोकळे होतात आणि अर्थाची वाट लागते. भात हेच जेवण, आणि तो घशाखाली उतरावा म्हणून सोबत जे काही असेल ते ओकाझु: खारवलेला मासा, लोणचं, शिजवलेली भाजी. आपल्याकडे याला 'तोंडीलावणं' हा नेमका शब्द आहे. कोकणात कालवण म्हणतील, देशावर काही भागांत कोरड्यास. कालवण आणि कोरड्यास जरा ओलसर पडतात, म्हणून मी तोंडीलावणंच घेईन. जपानीत 'काझु' म्हणजे संख्या. पुष्कळ जिन्नस, म्हणून ओकाझु. ते विकणाऱ्या दुकानाला 'ओकाझुया' म्हणतात. काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून एकेक जिन्नस निवडायचा. ही दुकानं भल्या पहाटे उघडतात आणि दुपारपर्यंत आवरतात. तुमच्या लेखात ओकाझुया आलं असेल तर ते प्लेट लंचच्या दुकानात मिसळू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

आता प्लेट. १९३०च्या दशकात होनोलुलूत बांधकामावरच्या आणि रोजंदारीवरच्या लोकांसाठी जेवणाच्या गाड्या फिरू लागल्या. डब्यातला भात आणि तोंडीलावणं तिथं पुठ्ठ्याच्या बशीत आलं आणि नाव पडलं प्लेट लंच. हे दोन शब्द अमेरिकेच्या दक्षिणेतही याच क्रमानं वापरतात, पण तिथल्या बशीत दुसरंच काही असतं. हवाईतलं सूत्र पक्कं आहे: भाताचे दोन गोळे, मेयोनेजमध्ये कालवलेली मॅकरोनी आणि एक मांसाचा किंवा माशाचा पदार्थ. रात्री आठला घेतलात तरी तो प्लेट लंचच. 'लंच' हा शब्द वेळ सांगणं कधीच विसरून गेलाय.

भांड्याचं नाव जेवणाला पडणं आपल्याला नवं नाही. आपण 'डबा लावतो', लग्नात 'पानं मांडतो', 'ताट वाढलंय' म्हणतो. जुने लोक याला लक्षणा म्हणतात. थाळीही त्यातलीच. तरीसुद्धा प्लेट लंचला मी थाळी म्हणणार नाही. थाळी म्हटलं की मराठी वाचकाला वाट्या दिसतात. आमटीची वेगळी, भाजीची वेगळी, गोडाची त्याहून वेगळी. वाढपी फिरतोय आणि 'आणखी घ्या' चाललंय. प्लेट लंचमध्ये वाटी नाही, वाढपी नाही, आणि रस्सा भातावरून ओघळत मॅकरोनीपर्यंत पोचला तर कुणाला वाईट वाटत नाही. उलट काहीजण मुद्दाम सगळ्यावर घालून मागतात.

मुंबईच्या उडुपी हॉटेलांनी आपल्याला यासाठी शब्द देऊन ठेवलाय: राइसप्लेट. ठरलेलं माप, ठरलेला दर, कामकरी माणूस आणि जेवण वीस मिनिटांत आटोपतं. पदार्थ वेगळे असले तरी घाट तोच. लेखात पहिल्यांदा 'प्लेट लंच, म्हणजे तिथली राइसप्लेट' असं एकदा लिहा आणि पुढे सरळ प्लेट लंच वापरा. राइसप्लेटमध्ये भात शेवटी येतो आणि इथे तो आरंभापासून मालक असतो, एवढा फरक वाचक सोसेल.

'टू स्कूप राइस'चं तुम्ही 'दोन चमचे भात' केलंय, ते मात्र ताबडतोब बदला. दोन चमचे भातावर उसाच्या मळ्यातला गडी जगला असता होय? हे स्कूप आइस्क्रीमच्या गोल डावानं पाडलेले असतात, आणि आपल्याकडे त्याला शब्द आहे मूद. पंगतीत वरणाखाली असते तीच. दोन मुदी भात. मूद पडायला भात चिकट लागतो. बासमतीची मूद उभी राहता राहता कोसळते, इंद्रायणीची ठाम बसते. तिथला तांदूळ मध्यम दाण्याचा, कॅलिफोर्नियात पिकणारा कॅलरोझ, इंद्रायणीच्याच वळणाचा. तूपमीठलिंबू नाही, एवढंच.

आणखी एक बघण्यासारखं. ते लोक 'टू स्कूप्स' म्हणत नाहीत, 'टू स्कूप' म्हणतात. अनेकवचनाचा प्रत्यय गायब. इंग्रजीचे मास्तर याला चूक म्हणतील. पण आपण तरी काय करतो? 'दोन प्लेटा फुटल्या' म्हणतो आणि गाड्यावर मात्र 'दोन प्लेट भजी' मागतो. वस्तू मोजताना अनेकवचन, माप म्हणून वापरताना एकवचन. पिजिनचं व्याकरण चुकलेलं नाही, त्याच्या मापाचा हिशेब आपल्या भजीच्या हिशेबाशी जुळतो, इतकंच.

बशीतल्या पदार्थांच्या नावांतही गमती आहेत. 'चिकन कात्सु'मधला कात्सु म्हणजे इंग्रजी कटलेट. जपान्यांनी त्याचं 'कात्सुरेत्सु' केलं आणि मग शेपूट छाटलं. तोच शब्द आपल्याकडे आला आणि बटाट्याच्या तळलेल्या वडीवर येऊन बसला. म्हणजे होनोलुलूतला कोंबडीचा कात्सु आणि गिरगावातलं बटाट्याचं कटलेट हे शब्दापुरते सख्खे भाऊ. 'लोको मोको' हे भात, त्यावर खिम्याची चपटी टिक्की, त्यावर अंडं, त्यावर तपकिरी रस्सा असं प्रकरण १९४९ साली हिलो गावातल्या लिंकन ग्रिलमध्ये पोरांच्या एका टोळक्यासाठी तयार झालं. लोको म्हणजे स्पॅनिशमध्ये वेडा. मोको केवळ यमक जुळावं म्हणून जोडला, आपण चहाला बिहा जोडतो तसा. स्पॅनिशमध्ये मोको म्हणजे शेंबूड, पण ते जेवायच्या वेळी कोण सांगतो. मॅकरोनी सॅलडला कोशिंबीर म्हणू नका. त्यात हिरवं जवळजवळ काही नसतं. भाताशेजारी मॅकरोनी कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आधी वडापावाचा खुलासा करावा.

आता तुमच्या मथळ्याकडे येतो. 'हवाई लोकल थाळी' वाचून मला आधी विमान दिसलं, मग रेल्वे दिसली, जेवण शेवटपर्यंत आलं नाही. मराठीत 'हवाई' हे विशेषण हवेतल्या गोष्टींना दिलेलं आहे: हवाई दल, हवाई वाहतूक. 'हवाई जेवण' म्हणजे ट्रेवर येणारं, फॉइलनं झाकलेलं. म्हणून बेटांबद्दल लिहिताना विशेषण टाळून 'हवाईतला', 'हवाईचा' असं लिहिलेलं बरं.

'हवाईयन' हा शब्दही नाजूक आहे. कॅलिफोर्नियात राहणारा तो कॅलिफोर्नियन, तसा हवाईत राहणारा तो हवाईयन, असं तिथं चालत नाही. हवाईयन म्हणजे बेटांचे मूळ रहिवासी, त्यांचा वंश, त्यांची भाषा. म्हणून 'हवाईयन फूड' म्हणजे भट्टीत पुरून भाजलेलं कालुआ डुक्कर, पानांत गुंडाळलेलं लाउलाउ, आणि पोई, म्हणजे तारोचा, आपल्या अळूच्या जातीतल्या कंदाचा, कुटून केलेला लगदा. होनोलुलूतलं १९४६ सालचं हेलेनाज हवाईयन फूड हे या प्रकारचं. प्लेट लंच, लोको मोको, कात्सु हे सगळं 'लोकल फूड'. काही दुकानांत दोन्ही मिळतात, 'हवाईयन प्लेट' वेगळी लिहिलेली असते, आणि त्यातली कुठली कुठली हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं.

'लोकल'चं 'स्थानिक' केलंत तर अर्थ अर्धाच येतो. गेल्या वर्षी घर घेऊन राहायला आलेला माणूसही स्थानिक, पण तो लोकल नव्हे. मळ्यांवर आलेल्या नाना वंशांच्या लोकांची लेकरंबाळं आणि मूळ रहिवासी यांची जी मिळून एक बोली, एक चव, एक वागणूक झाली, ती लोकल. मराठीत या कामाला '-कर' प्रत्यय आहे. मुंबईकर व्हायला नुसता मुंबईचा पत्ता पुरत नाही, आणि त्याला वंशही लागत नाही. मी 'हवाईकर' सुचवतो. 'हवाईकरांचं रोजचं जेवण' हे 'स्थानिक खाद्यपदार्थ'पेक्षा कितीतरी जवळ जातं.

या भेदाचा एक पुरावा चक्क दुकानाच्या पाटीवर आहे. होनोलुलूतलं एल अँड एल ड्राइव्ह-इन १९७६ साली एडी फ्लोरेस यांनी घेतलं आणि त्याच्या शाखा वाढवल्या. १९९९ मध्ये हे दुकान कॅलिफोर्नियाला पोचलं तेव्हा पाटीवर 'हवाईयन बार्बेक्यू' आलं. घरी ड्राइव्ह-इन, परक्या गावी हवाईयन. बाहेरच्याला समजेल ते नाव बाहेर, घरच्याला लागतं ते घरी.

'ड्राइव्ह-इन'मुळे तुम्ही 'गाडीत बसून खाण्याचे ठिकाण' अशी टीप दिली आहे. ती काढून टाका. कापाहुलू रस्त्यावरचं रेनबो ड्राइव्ह-इन, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या शंभराव्या बटालियनमध्ये स्वयंपाकी असलेल्या सेइजू इफुकूंनी १९६१ साली काढलेलं, याचा चांगला नमुना आहे. गाडी बाहेर लावायची, खिडकीशी उभं राहून सांगायचं, बशी घ्यायची आणि बाकावर बसायचं. याला भोजनालय म्हटलं तर फार सोवळं होतं. खानावळ म्हटलं तर महिन्याचे पैसे भरलेली माणसं दिसतात. टपरी फार लहान. 'प्लेट लंचचं दुकान' हेच बरं. गाडी असेल तर 'प्लेट लंचची गाडी'. आपणही 'गाडीवर खाल्लं' म्हणतोच.

शेवटी, त्या लेखात कुणीतरी जेवून उठल्यावर 'ब्रोक द माउथ' म्हणतो, आणि तुम्ही समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. पिजिनमधली ही सगळ्यात मोठी दाद. 'तोंड फुटलं' केलंत तर वाचकाला मारामारी झाल्यासारखं वाटेल. 'बोटं चाटत राहिला' असं करा. त्याच्या हातात चॉपस्टिक आहेत हे दोन ओळी आधी आलंय खरं, पण ते वाचक चालवून घेईल.